नळाखालची तीन वर्षं

माझ्या भाचीच्या मैत्रिणी घरी येतात, टेबलावरचे चमचे एका रेषेत लावतात आणि कौतुकानं सांगतात, "मावशी, मी ना, थोडीशी ओसीडी आहे." थोडीशी. म्हणजे जसं कुणी सांगावं की मला थोडासा टायफॉइड आहे, म्हणून तर रंग असा खुलून दिसतो. मी त्यांना चहा देते. मला तो आजार झाला तेव्हा त्याला असं सुटसुटीत नाव कुणी दिलं नव्हतं. आमच्या घरात त्याला 'अंजूचं ते' म्हणत, सोसायटीत 'दुसऱ्या मजल्यावरचं पाणी' म्हणत आणि माझी आत्या सरळ 'लाड' म्हणे. तिन्ही नावांत थोडं थोडं तथ्य होतं, आत्याचं सोडून.

आम्ही कोथरूडला राहायचो. बाबा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि सकाळी घरी शिकवण्या घेत. बाहेरची गॅलरी काचा लावून बंद केली होती. तिथे दोन बाकं, एक फळा आणि काचेच्या दारांचं एक कपाट होतं. कपाटात मोरचूद, तुरटी, लिटमसचे कागद, पातळ केलेली आम्लं अशा बाटल्या लेबलं बाहेर करून उभ्या असत. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली बाबांच्या जानव्याला. जानव्याचा त्यांनी केलेला एवढाच उपयोग मी पाहिला. सकाळी सहाला पहिली बॅच यायची. तिकडे पोरं संयुजा घोकायची, इकडे आई फोडणी टाकायची, आणि कढीलिंबाच्या तडतडाटात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम असं काहीतरी मिसळून माझ्या कानावर पडायचं. अजून कुठे कढीलिंब तडतडला की मला कॅल्शियम आठवतं. आईचा स्वयंपाक साधाच होता, पण वेळेचा पक्का: शनिवारी थालीपीठ, रविवारी बटाट्याची भाजी आणि पोळ्या, आणि बाबांचं ताट वाढल्यावर "मीठ कमी आहे" हे वाक्य. मीठ कधीच कमी नसायचं. एका माणसाने काहीतरी तपासून पाहिलं आहे, एवढीच ती नोंद होती.

बाबांबद्दल आणखी एक सांगायला हवं. त्यांना सगळं माहीत होतं. पत्ता विचारणाऱ्या माणसाला त्यांनी चुकीच्या गल्लीत पाठवलं असेल, पण 'माहीत नाही' म्हणून परत पाठवलं नाही. वर्गात एखाद्या मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला तर ते म्हणत, "तो पुढच्या वर्षीचा भाग आहे."

आजार कसा सुरू झाला, हे ऐकताना लोक पुढे सरकून बसतात. त्यांना बालपणीचं काहीतरी भयंकर हवं असतं. त्यांची फार निराशा होते, कारण काहीच झालं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची होते. एका सकाळी ते कपाट बाहेरून फडक्याने पुसलं, हात धुतले आणि कणीक भिजवायला बसले. मध्येच मनात आलं, बोटाला काही राहिलं असेल तर? उठून पुन्हा हात धुतले. बस. इतिहास संपला. दुसऱ्या दिवशी तोच विचार पुन्हा आला, आणि मी दोनदा उठले. विचाराच्या लक्षात आलं की ही मुलगी उठते.

वर्षभरात मी कोपरापर्यंत हात धुवायला लागले. अंघोळीच्या साबणावर माझा विश्वास उरला नाही, म्हणून कपड्यांची वडी. अकरा वेळा डावा, अकरा वेळा उजवा. मध्ये दूधवाल्याची घंटी वाजली की पहिल्यापासून. शेवटी आईने बाजूला उभं राहून "झालं" असं म्हणायचं. तिने ते नीट म्हटलं नाही, किंवा म्हणताना तिचं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं असं मला वाटलं, की पुन्हा पहिल्यापासून. हातांची सालं निघायची. आई प्रेमाने खोबरेल तेल लावायची, आणि तेल लागलं म्हणून मला पुन्हा हात धुवावे लागायचे. नऊ वाजायच्या आत गच्चीवरची टाकी रिकामी व्हायची. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात एक चिठ्ठी लावली: 'पाणी सर्वांचे आहे, हे काही सदनिकाधारकांनी लक्षात घ्यावे.' काही म्हणजे कोण, हे कळू नये म्हणून ती त्यांनी नेमकी आमच्या दारासमोर लावली होती.

बाबांनी सुरुवातीला शास्त्रीय मार्गाने जायचं ठरवलं. मी विचारायची, बाबा, माझ्या हातून कणकेत काही गेलं नसेल ना? ते म्हणायचे, मोरचुदाचं द्रावण निळं असतं, कणीक निळी दिसते का? कणीक निळी नसायची. मला पाच मिनिटं फार बरं वाटायचं, आणि मग लक्षात यायचं की कपाटात बिनरंगी बाटल्याही आहेत. मग ते बिनरंगी पदार्थांची चव सांगायचे, मग मला बिनचवीच्या पदार्थांची शंका यायची. अशा रीतीने त्यांनी माझी भीती घालवली नाही, फक्त तिचा अभ्यासक्रम वाढवून दिला. दिवसाला तीस-चाळीस वेळा मी विचारायची आणि तितक्याच वेळा ते "नाही" म्हणायचे. पुढे पुढे मी तोंड उघडायच्या आतच ते "नाही" म्हणायला लागले. ते मोजायचं की नाही, हा आणखी एक प्रश्न.

दुसऱ्या वर्षी माझं कॉलेज सुटलं आणि मी स्वयंपाकघरात जाणं बंद केलं. माझ्या हातचं खाऊन घरात कुणी मरू नये, एवढीच माझी इच्छा होती. मला वाटतं, कुठल्याही मुलीने आईवडिलांसाठी इतकी काळजी वाहिली नसेल, आणि कुठल्याही मुलीचा घराला इतका त्रास झाला नसेल. आत्या येऊन दोरा बांधून गेली. दोरा ओला राहून हाताला खाज सुटली, म्हणून तो कापला. मग तिने लग्न सुचवलं. दोरा निदान कापता आला.

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हात बघून आम्हाला त्वचेच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्या गृहस्थांनी मलम लिहायला पेन उघडलं, सहज विचारलं की दिवसातून किती वेळा हात धुता, आणि मी खरं ते सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग पुन्हा उघडून दुसऱ्या एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. डेक्कनच्या मागच्या एका गल्लीत त्यांचा दवाखाना होता. पाटीवर नुसतं नाव, कशाचे डॉक्टर ते नाही. पेशंटची सोय म्हणून. आईने सोसायटीत सांगितलं की अंजू जर्मन शिकायला जाते. त्या काळात आमच्याकडे मुलगी जरा हुशार किंवा जरा बिनकामाची असली की जर्मनच शिकायची, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. फक्त पहिल्या मजल्यावरच्या काकू एक दिवस मुलाने परदेशातून पाठवलेल्या मिक्सरचं माहितीपत्रक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, एवढं वाचून दे. मी गंभीरपणे पान उलटलं आणि सांगितलं की मिक्सर ओल्या हाताने लावू नये. ते चूक असण्याची शक्यता कमी होती.

डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या, बोलायला अगदी हळू. त्यांनी कागदाच्या पाठीवर मेंदूतल्या दोन पेशी काढल्या, मध्ये फट ठेवली आणि एका पेशीतून दुसरीकडे जाणारे ठिपके काढले. या ठिपक्यांच्या कामात गोळीने फरक पडतो, असं त्या म्हणाल्या. बाबांनी चित्र आपल्याकडे ओढून घेतलं आणि ठिपक्याचं रेणुसूत्र विचारलं. बाईंनी सांगितलं. मग बाबांनी विचारलं की हा पदार्थ हिच्या मेंदूत नेमका किती कमी आहे, तो मोजला कसा आणि गोळीने किती वाढेल. बाई म्हणाल्या, मोजता येत नाही. कमी आहे, असंही छातीठोक सांगता येत नाही. गोळीने पुष्कळ जणांना बरं वाटतं एवढं ठाऊक आहे, आणि नेमकं का, ते पूर्ण माहीत नाही. पदव्या भिंतीवर लावून बसलेलं माणूस तोंडावर 'माहीत नाही' म्हणतं, हे बाबांनी पहिल्यांदाच पाहिलं. रिक्षात ते एकच वाक्य बोलले, "निदान खोटं तरी बोलत नाहीत." आईला ते कौतुक वाटलं. मला वाटतं, तो धक्का होता.

गोळीने पहिले काही आठवडे फक्त तोंडाला कोरड पडली आणि दुपारी झोप यायला लागली. बाईंनी आधीच बजावलं होतं की या आजारात गोळीला वेळ लागतो, आणि नुसत्या गोळीवर भागत नाही. दुसरा अर्धा भाग म्हणजे, ज्याची भीती वाटते ते करायचं आणि नंतर धुवायचं नाही. भीती चढू द्यायची, आणि ती आपली आपण उतरेपर्यंत बसून राहायचं. असं पुन्हा पुन्हा केलं की मेंदूही हळूहळू बदलतो, त्या म्हणाल्या. मला वाटलं, एवढंच करता आलं असतं तर मी इथे कशाला आले असते? त्यांनी घरातल्यांचेही नियम केले. आईने "झालं" म्हणायचं नाही. बाबांनी "नाही" म्हणायचं नाही. मग काय म्हणायचं, असं बाबांनी विचारलं. "असेलही, म्हणा. खात्री देऊ नका. तिला खात्रीशिवाय जगायला शिकायचंय." बाबांनी तीस वर्षं खात्री विकून संसार केला होता. ते जरा रागावलेच.

साधारण माणूस किती हात धुतं, हे ठरवण्यासाठी बाईंनी बाबांना विचारलं की कपाटाला हात लावल्यावर तुम्ही काय करता. बाटल्या हाताळल्यावर नेहमी धुतो, ते म्हणाले. आणि नुसती कडी लावली तर? नाही धुत. तसाच जेवायला बसतो. आईने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेले नाही. पण नियम ठरला: बंद कपाटाची कडी धरायची आणि धुवायचं नाही. आधी दहा मिनिटं, मग तासभर. मग कडी धरून नारळ खवायचा. आणि सगळ्यात शेवटी, जिन्याची सर्वांत वरची पायरी म्हणून, कडी धरून कणीक भिजवायची आणि पोळ्या घरच्यांना खायला घालायच्या. तिथपर्यंत पोचायला मला अडीच महिने लागले. त्यात मी दोनदा गोळ्या फेकल्या, एकदा बाईंना दुष्ट म्हटलं आणि साबण चोरून न्हाणीघरात हात धुतले, तेही कितीदा तरी. पुस्तकांत बरं होणं सरळ चढत्या रेषेने दाखवतात. माझी रेषा बाबांच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीतल्यासारखी होती, खोडरबरासकट.

त्या रविवारी मी कडी धरली, कणीक भिजवली आणि पोळ्या केल्या. दोनेक वर्षांनी केल्या, त्यामुळे आकार कसलेही आले. आईने बटाट्याची भाजी केली होती. बाबा जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." तीन पोळ्या खाल्ल्या. मी समोर बसून त्यांच्या प्रत्येक घासाकडे बघत होते. ते मुद्दाम हळू चावत होते की काय कुणास ठाऊक. संध्याकाळी ते कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभाला गेले, तिथे भजी खाल्ली आणि घरी आले. काहीही झालं नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी आईला आपण होऊन विचारलं, उद्या काय करायचं जेवायला?

सोमवारी सकाळी पहिली बॅच बसली होती, आणि बाबा फळ्यावर लिहिता लिहिता खडू ठेवून न्हाणीघरात गेले. त्यांच्या ओकारीचा आवाज घरभर ऐकू आला. मग पाण्याचा, मग पुन्हा ओकारीचा. मुलं घोकायची थांबली. आईने त्यांना घरी जायला सांगितलं. मी बेसिनपाशी होते. वडी माझ्या हातात होती, पण ती मी कधी घेतली हे मला आठवत नाही. बाबा टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले आणि पलंगाच्या कडेवर बसले. चेहरा पांढरा पडला होता. मी विचारलं, "बाबा, माझ्यामुळे झालं का?"

आई म्हणाली, "छे गं, काल ती भजी—" बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. आयुष्यात मी त्यांना उत्तर शोधताना पाहिलं नव्हतं. उत्तरं त्यांच्याकडे तयार असत. मग ते म्हणाले, "असेलही. मला माहीत नाही."

मी थांबले. पुढे काहीतरी येईल असं वाटलं, एखादा खुलासा, निदान डोळ्यांत एखादी खूण. काही आलं नाही. "संध्याकाळी पोळ्या कर," ते म्हणाले. "तोवर भूक लागेल मला." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्या क्षणी मला माझ्या बापाचा जितका राग आला, तितका आधी कधी आला नव्हता आणि नंतरही नाही. एक 'नाही' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? नळ सुटलेला होता. आई दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून, आणि "झालं" म्हणत नव्हती. मी साबण खाली ठेवला, कोरड्या हाताने नळ बंद केला आणि गॅलरीतल्या बाकावर, नेमकी त्या कपाटासमोर, जाऊन बसले. मी शूर वगैरे नव्हते, मला रागाने दुसरं काही सुचत नव्हतं. हात मांडीवर उलटे ठेवले होते, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. बाबा मरतील, पोलीस येतील, पेपरात येईल, सेक्रेटरी जिन्यात नवी चिठ्ठी लावतील, हे सगळं माझं एकदा पाहून झालं. मग पुन्हा पाहिलं. तिसऱ्या वेळी पोलिसांच्या जागी माझं लक्ष समोरच्या इमारतीत गाद्या उन्हात घालणाऱ्या बाईकडे गेलं. दीड तास झाला असेल, पावणेदोन. भीतीवर मात केली, असं मला म्हणता येईल, आणि लिहायला ते शोभूनही दिसेल. खरं सांगायचं तर मला भीतीचा कंटाळा आला.

संध्याकाळी मी कडी धरून कणीक भिजवली. बाबांनी दुधात कुस्करून दीड पोळी खाल्ली. सकाळपासून आजारी असलेल्या माणसाने मऊ भात खायला हवा होता, हे आई तीनदा म्हणाली. मिठाबद्दल त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. त्यांना नक्की कशाने झालं होतं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

पुढच्या भेटीत श्रेयावरून वाद झाला. बाबांचं म्हणणं, गोळीला दहा आठवडे पूर्ण झाले होते, म्हणजे अभिक्रिया वेळेवर झाली. बाईंचं म्हणणं, साबण खाली ठेवला तो हिने. आईने तिसऱ्याच कुणाला तरी नवस केला होता, हे मला फार नंतर समजलं. पेशी माझ्या असल्या तरी मला कुणी विचारलं नाही. आज साठीकडे झुकताना मी दोघांचंही खरं मानते. मधल्या काळात मी आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या, तेव्हा सहा महिन्यांत पुन्हा नळाखाली गेले होते, आणि पुन्हा बाकावर बसूनच वर आले. आता बाईंच्या जागी त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर आहेत, आणि छोटी गोळी चालू आहे. तो विचार अजून येतो. कणीक भिजवताना डोकावतो, मी म्हणते, असेलही, आणि पुढे पाणी घालते. मध्यंतरी ती साथ आली आणि सगळ्या देशाला वीस सेकंद हात धुवायला शिकवलं गेलं, तेव्हा मात्र मला जरा हसू आलं. वीस सेकंदांत मी नुसती बाही सरसावत असे.

पण या सगळ्यातली जी गोष्ट मी खरोखर सांगायला बसले, ती त्या पोळ्यांनंतर तीनेक आठवड्यांनी घडली. आईची धाकटी बहीण मांजरी गावात दिली होती. तिच्या घराभोवती ऊस, आणि हाकेच्या अंतरावर दुसरं घर नाही. एका सकाळी आईने पिशवीत दोन लुगडी भरली, बाबांना सांगितलं की मी बहिणीकडे दोन दिवस चालले आहे, आणि मला म्हणाली, "स्वयंपाकाचं तू बघ." डबे कुठे आहेत, दूध किती घ्यायचं, काही सांगितलं नाही. चपला घालून ती जिना उतरली. मी गॅलरीतून बघत होते. बसथांब्यापर्यंत तिने एकदाही वर पाहिलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तीन वर्षांत ती भाजी आणण्यापलीकडे कुठेही गेली नव्हती. धाकट्या भाच्याच्या बारशालासुद्धा नाही. कुणीतरी नळापाशी उभं राहायला हवं होतं. माझ्या आजारात किती पाणी गेलं आणि किती साबण गेला, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. त्यात आईची तीन वर्षं गेली होती, हे मीही पाहिलं नव्हतं.

ती तिसऱ्या दिवशी दुपारी परत आली. हातात उसाची मोळी होती. मी दार उघडलं. तिने घरात नजर टाकली नाही, ओट्याकडे पाहिलं नाही, कसं काय झालं ते विचारलं नाही. पाणी मागितलं, तेही खुणेने. तिचा घसा पार बसला होता. दोन दिवसांत तिने मावशीशी तीन वर्षांचं बोलून घेतलं होतं.